माळ्यावरचा पेंढा

२० जुलै १९३४, शुक्रवार

पोचले एकदाची! भाऊच्या धक्क्यावरून रेवस, रेवसहून अलिबाग, मग रेवदंड्याची खाडी तरीतून, आणि तिथून काशीदपर्यंत बैलगाडी. हाडं खिळखिळी झाली, पण जीव कसा हलका झालाय म्हणून सांगू! अकरा वर्षं हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं उकळली, फिनेलच्या वासात डबे खाल्ले. आता खिडकीतून समुद्र दिसतो. खवळलेला आहे, पण माझं काय जातंय? मी कुठे त्यात उतरणार आहे?

ही नोकरी बाळाजीशेठनी दिली. दोन वर्षांमागे ऑपरेशनसाठी ते माझ्या वॉर्डात होते. मुंबईच्या हॉटेलांना भाजी पुरवतात. साहेबलोकांना अळंबी हवी असते बारा महिने, आणि आपल्याकडे ती पावसात चार दिवस रानात उगवते नि संपते. शेठनी कुठेसं वाचलं की भाताच्या पेंढ्यावर ती घरात पिकवता येते. दोनदा करून बघितलं, दोनदा सगळं हिरवं पडून कुजलं. तेव्हा त्यांना ही मनुबाई आठवली. म्हणाले, हे काम शेतकऱ्याचं नाही, नर्सचं आहे. मी एकच अट घातली, की जमलं तर माझी सखू इथं माझ्याजवळ राहील. ते हो म्हणाले.

सखू माझी नऊ वर्षांची पोर. तिचा बाप गेल्यापासून ती गिरगावात माझ्या भावाकडे असते. चंदर बिचारा गरीब आहे, पण वहिनी म्हणजे एक नमुना. पोरीला पहाटे उठवून भांडी घासायला बसवते, आणि मी बघून न बघितल्यासारखं करते. आता पुरे झालं. अळंबी उगवू दे, की सखू इथं.

घरात दोघंच. शेठची आई सोनाबाई आणि जुना गडी धर्माजी. म्हातारी फार बोलत नाही. मला नर्सबाय म्हणते.

२२ जुलै

आज सोनाबाईंशी पहिली चकमक. अळंबीसाठी गोठ्यापलीकडची खोली दिली आहे. मी ती घासूनपुसून घेतली, भिंतींना चुना मारला, गंधकाची धुरी दिली. पाठ फिरवते तो म्हातारी शेणाचा काला घेऊन हजर! जमीन सारवल्याशिवाय खोली शुद्ध कशी व्हायची, म्हणाली. मी म्हटलं, आई, तुमच्या शेणात लाखो किडे असतात, ते माझ्या पेंढ्यात जातील. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच किडा. शेवटी तह झाला, उंबऱ्याबाहेर शेण, उंबऱ्याआत चुना.

माझे नियम दारावर लिहून लावले. हात कोपरापर्यंत कार्बोलिकने धुवायचे. तोंडाला फडकं बांधायचं. बाहेरची वहाण आत नाही. धर्माजीला वाचता येत नाही, पण मान मात्र जोरात हलवतो.

२५ जुलै

पहिला वाफा घातला. पेंढा एक दिवस विहिरीच्या पाण्यात भिजवला, मग हंड्यात तासभर उकळला, धुतलेल्या चटईवर निथळत ठेवला. मुठीत दाबला की हात ओला व्हावा पण थेंब पडू नये, तो खरा. थरावर थर, मध्ये शेठनी मागवलेलं बाटलीतलं अळंबीचं बी, वर तुरीचं पीठ भुरभुरून, आणि शेवटी उकळलेलं गोणपाट. धर्माजी म्हणाला, एवढी बडदास्त तर बाळंतिणीची पन न्हाय व्हत. खरंच आहे ते.

माझी एक गंमत लिहून ठेवते. ह्या अळंब्या माझ्या स्वतःच्या घशाखाली उतरत नाहीत. लहानपणी एकदा खाल्ल्या, गोगलगाय गिळल्यासारखं वाटलं. हलवायाची बायको आणि गोडाचा कंटाळा!

२ ऑगस्ट

हिरवं झालं. सगळंच्या सगळं.

ढसाढसा रडले. मग डोळे पुसून विचार केला, चूक कुठे झाली? हात स्वच्छ, खोली स्वच्छ. दोष पेंढ्याचा. बाहेरची पेंढ्याची उडवी पावसाने आतपर्यंत भिजली आहे, तो पेंढा आधीच सडलेला. असल्याला उकळून काय उपयोग? कोरडा, निरोगी पेंढा हवा, आणि ऐन पावसात तो आणू कुठून? बीची एकच बाटली उरली आहे. हीही फुकट गेली तर शेठ नाद सोडतील आणि सखू भांडी घासत राहील.

४ ऑगस्ट

देव आहे! सोनाबाई बोर्ली पंचतनला बहिणीकडे गेली आहे. मी पीठ शोधायला चुलीवरच्या माळ्यावर चढले, तर कोपऱ्यात बुजगावणं! माणसाएवढं, सदरा, धोतर, टोपी, सगळं जागच्या जागी. शेतात उभं करायचं म्हणून जपून ठेवलेलं असणार. आत बघते तो काय, सोन्यासारखा पेंढा! वर्षभर चुलीच्या धुराने सुकलेला, बुरशीचा डाग म्हणून नाही. लांबलांब काड्या, सात ठिकाणी सुताने आवळून बांधलेल्या.

तो सगळा काढून घेतला. म्हातारीची बोलणी नकोत म्हणून त्याच कपड्यांत बाहेरचा ओला पेंढा भरला आणि बुजगावणं होतं तसं बसवून ठेवलं. कावळ्यांना काय कळतंय? दिवसभर भिजत घातलेला पेंढा संध्याकाळी उकळून वाफा घातला. ह्या वेळी बांधलेल्या पेंढ्या सोडल्याच नाहीत, तशाच आडव्या मांडल्या.

९ ऑगस्ट

पांढरंशुभ्र जाळं सगळ्या वाफ्यावर. हिरव्याचा ठिपका नाही. अकरा वर्षांत एवढी निर्जंतुक जखम मी पाहिली नाही!

आतली ऊब बघायला माझा ताप मोजायचा थर्मामीटर पेंढ्यात खुपसला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. हसू आलं. सकाळी तेवढाच, दुपारी तेवढाच. प्रकृती उत्तम आहे म्हणायची.

१२ ऑगस्ट

उगवली! वाफ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, टपोरी, राखाडी. निम्म्याहून जास्त निखाऱ्यांवर सुकवून उद्या शेठकडे पाठवते आहे. चिठ्ठीत लिहिलं, ह्यातली मूठभर माझ्या सखूला द्या, आईने काय केलं ते तिला कळू दे.

सोनाबाई परवाच परत आली. श्रावणात मासळी बंद, म्हणून तिला ताजी करून वाढली. मीठ घालायला विसरले होते, पण म्हणाली बरोबर झालंय, खारट हाय. दोनदा मागून घेतली. धर्माजी म्हणतो म्हातारी वर्षभरात अशी जेवली नव्हती. जेवता जेवता ती रडत होती. विचारलं तर म्हणाली, माज्या धाकल्याला लय आवडायची. तिला धाकटा मुलगा होता हे मला ठाऊकच नव्हतं.

१५ ऑगस्ट

शेठचं पत्र. माल पोचला, साहेबलोक खूश! नारळी पौर्णिमेला ते घरी यायचेच आहेत, सखूला बरोबर आणतात. सखूला, बरोबर, आणतात! खोलीत एकटीच नाचले.

वाफ्यावर दुसरा बहर आला आहे. एक गोष्ट उगीच मनात राहिली. अळंबी सगळीकडे सारखी उगवत नाही. मध्ये दाट, मग दोन फाटे, वरच्या अंगाला एक गोल. दारातून पाहिलं की कुणी उताणं निजलंय असं वाटतं.

पेंढ्या न सोडता मांडल्या, म्हणून तसं.

१७ ऑगस्ट

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

सोनाबाईने धर्माजीला माळ्यावरून ते बुजगावणं उतरवायला सांगितलं. त्याने ते खांद्यावर घेतलं, आणि सदऱ्याच्या बाहीतून हिरवी भुकटी गळायला लागली. धर्माजीने ते खाली ठेवलं. मला म्हणाला, हे सडलं कसं? मी म्हटलं, अरे बुजगावण्याचं एवढं काय मनाला लावून घेतोस?

तो म्हणाला, ते बुजगावणं न्हाय. तो अंबाजी हाय.

सोनाबाईचा धाकटा, अंबाजी. गेल्या श्रावणात, दर्याला नारळ द्यायच्या आधीच होडी घेऊन गेला. होडी आली, तो आला नाही. मढं मिळालं नाही. ह्या घरात अशा माणसाचा पेंढ्याचा बाहुला करतात. म्हातारीने स्वतःच्या हाताने बांधला, सात गाठी, आणि दर गाठीला त्याला हाक मारून आत बोलावला. वर्षभर उबेला ठेवायचा, आणि नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर जाळायचा. म्हणजे तो सुटतो. पण सगळा जळाया पायजे, धर्माजी म्हणाला. एक काडी जरी मागं राहिली तरी तो जात न्हाय.

पेंढा मी काढला हे मी लपवलं. कसं बोलणार? बोलले तर सखू यायची नाही.

मी त्याला उकळला. मी त्याला पेरला. आणि त्याच्या आईला वाढ—

२० ऑगस्ट, सोमवार

सखूचं पत्र. तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात. आई तुझी अळंबी खूप छान, मी एकटीनेच सगळी खाल्ली, मामीला दिली नाही. आणि खाली, रोज एक ओला माणूस माझ्या उशाशी बसतो, घरी कधी जायचं विचारतो. मी म्हटलं पौर्णिमेला.

वाफा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. हात लावला तर वर-खाली होतो. पाणी सुटतं म्हणून. पेंढा दबतो म्हणून.

नाही. श्वास मला कळतो. अकरा वर्षं मोजलेत.

२१ ऑगस्ट

चंदरला पत्र लिहिलं, सखूला अजिबात पाठवू नकोस. धर्माजी घेऊन गेला आणि तसाच परत आला. खाडीला उधाण आहे, पलीकडे नेणारी तर बंद. उद्या परत जाईल.

सोनाबाई वाफ्याजवळ बसून असते. तोंडाला फडकं नाही, हात धुतलेले नाहीत. मी हटकत नाही. आता कसली स्वच्छता? मी बाहेरचं सगळं अडवलं. जे आत होतं तेच वाढलं.

२२ ऑगस्ट

जाळला. भर दुपारी. घासलेटचा अख्खा डबा ओतला. गोणपाट, चटई, बीची बाटली, झाडलेला कचरा, सगळं. जमिनीवर बसून एकेक काडी वेचली. जळताना समुद्राच्या पाण्याचा वास आला.

मग सोनाबाईचे पाय धरले. सगळं सांगितलं. वाटलं मारेल, शिव्या देईल. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, मला ठावं व्हतं. पयल्या घासाला कळलं. आईला कळत न्हाय व्हय?

मी म्हटलं, आता तो सुटला ना हो, आई?

तिने हात पोटावर ठेवला. म्हणाली, एवडा हितं हाय. बाकी कुनी कुनी खाल्ला गं?

२३ ऑगस्ट

साहेबलोकांनी— त्यांचं मला माहीत नाही.

सखू. एकटीनेच सगळी.

तर अजून बंद. बंदच राहू दे. देवा, बंदच—

२४ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

तर सुरू झाली. सखू आली. पत्र अजून धर्माजीच्या पिशवीत.

शेठ तिला ओसरीवर सोडून गावकऱ्यांबरोबर किनाऱ्यावर गेले. हिरवा सडका बाहुला घेऊन. सोनाबाई गेली नाही.

सखूला उचलून माझ्या खोलीत आणलं. कडी लावली. केस ओले आहेत. पाऊस नाही, तरीही ओले. थर्मामीटर तोंडात धरला. तीन मिनिटं. पाच. पारा हललाच नाही.

नखांच्या मुळाशी पांढरे धागे. कार्बोलिकने घासले. घासले. जात नाहीत.

मला म्हणाली, आये, पानी लय गार व्हतं. माझी पोर गिरगावातली. अशी बोलत नाही ती.

दाराबाहेर सोनाबाई. मला हाक मारत नाही. अंबाजी, म्हणते. ये रं बाबा.

सखू दाराकडे बघून हसली.

घासलेटचा दुसरा डबा खाटेखाली आहे. परवा मीच ठेवला. काडेपेटी कमरेला. एकही काडी मागे— किनाऱ्यावर ढोल वाजतायत. कोणाला ऐकू जायचं नाही—

काडेपेटी काढली. तिने पाहिलं. आणि आता तिचाच आवाज, अगदी तिचा, झोपेतून उठल्यावरचा— आई, मला नको जाळू. मी भांडी घासेन—

ती तीच आहे. आहे ना? मला कळायला हवं. आईला कळत न्हाय व्हय? मला कळत नाही— देवा, मला नाही कळत—

काडेपेटी खिडकीतून फेकली. सखू इथंच राहील. अट माझीच होती.

ती माझं बोट धरून दाराकडे नेते आहे. हात बर्फासारखा. मी कडी काढ—