पहिल्या रांगेतला फेटा

इबादान,
१२ ऑक्टोबर १९९७

चि. आसाके हिस वुरामावशीचे अ. आ.

आम्ही सगळे खुशाल. तुझ्या आईपुरतं मात्र खुशाल म्हणायला जीभ रेटत नाही. लंडनला निघाली तेव्हा सगळ्या आळीला सांगत सुटली होती, की माझी लेक मोठमोठ्या प्राध्यापकांपुढे आपल्या योरुबा बायकांच्या फेट्यांवर व्याख्यान देणार आहे. परत आली ती तोंडाला कुलूप लावून. कसं झालं विचारलं तर म्हणाली, छान झालं, थंडी फार होती. तिथल्या चहाबद्दल बोलली, व्याख्यानाबद्दल नाही.

तुझ्या व्याख्यानासाठी मुद्दाम विणून घेतलेला निळा फेटा तिने पेटीच्या तळाशी टाकलाय. चर्चला साधा रुमाल बांधून येते आणि शेवटच्या बाकावर बसते. आपली ताई आणि शेवटचं बाक, माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. म्हटलं, ये, मी बांधून देते, तर अंगावर आली. तसं म्हणशील तर दोन वर्षांपूर्वी लागोसहून त्या तापातून उठून आली, तेव्हापासून ती कुणाला डोक्याला हात लावू देत नाही. दार लावून स्वतःच बांधते. मी समजत होते, नखरे.

आता माझ्या एनिटानचं लग्न तोंडावर आलं. घरातली थोरली म्हणून नवरीकडच्या पहिल्या रांगेत तिनेच बसायचं. आणि ही म्हणते, मी येणार नाही, गुडघे दुखतात. थोरल्या मावशीची खुर्ची रिकामी ठेवून मी पोरीचं लग्न लावू का? एनिटानचे डोळे रडून सुजलेत. तिकडे काय झालं ते खरं खरं लिही. मला गुंडाळू नकोस, तुझं शेंबडं नाक मी पुसलेलं आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
वुरामावशी


लंडन,
३० ऑक्टोबर १९९७

ती. वुरामावशीस आसाकेचा गुडघे टेकून सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला धीर होत नव्हता, लाज वाटत होती.

आई त्या दिवशी पहिल्या रांगेत मधोमध बसली होती. फेटा असा झोकात बांधला होता, की येताना रस्त्यात लोक वळून बघत होते. मी पडद्यावर चित्रं दाखवत होते. मागून एक बाई म्हणाल्या, पुढच्या फेट्यामुळे काही दिसत नाही. लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण आमचे विभागप्रमुखही हसले आणि मला घाम फुटला. त्या बाईंना मी म्हणू शकले असते, की हाच आजचा विषय आहे, नीट बघून घ्या. मी आईकडे फक्त बघितलं. ते बघणं तिला कळलं. तिने फेटा उतरवला, मांडीवर घेतला आणि शेवटपर्यंत तशीच बसून राहिली.

तेव्हा मी नेमकं वाचत होते, की योरुबा बाईचा मान तिच्या फेट्यात असतो. ते वाक्य मी पुरं केलं आणि पान उलटलं. मावशी, त्या क्षणी मला आईची दया आली नाही, तिची लाज वाटली. आता माझी वाटते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आईनेही वाजवल्या. घरी जाताना बसमध्ये मी तिला एवढंच विचारलं, की थंडी वाजतेय का.

फेटा उतरल्यावर मला आणखीही काही दिसलं. ते आईने तुलासुद्धा सांगितलेलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. तेवढा तरी तिचा आब माझ्याकडून राहू दे.

हे पत्र तिला वाचून दाखव. मी लग्नाला येऊ, की माझ्यामुळेच ती येणार नाही, ते कळव. ती म्हणेल तसं करेन.

मायेला लायक उरले नाही, तरी ती मागणारी,
आसाके


इबादान,
१६ नोव्हेंबर १९९७

चि. आसाके हिस आईचे अ. आ.

तुझं पत्र वुराने वाचून दाखवलं, मध्ये मध्ये तुला शिव्या घालत. तू लिहिलं नाहीस ते मग मीच तिला दाखवलं. रुमाल काढला. लागोसला ताप नव्हता, गाठ होती. औषधांनी केस गळले ते पुन्हा धड उगवलेच नाहीत, इथे पुंजका, तिथे टक्कल. तुझी परीक्षा होती म्हणून तुला ताप कळवला, आणि तुला कळवला म्हणून सगळ्यांना. वुरा आधी ओरडली, मग माझं डोकं पोटाशी धरून रडली. सगळी टाळू ओली केली.

राग आला नाही असं लिहिणार नाही. आला, अजून आहे. पण फेटा उतरव असं तू म्हणाली नव्हतीस. मला वाटलं, माझ्यापायी लेकीचं काम बिघडतंय. घाईत केसांचा विसरच पडला बघ. सख्ख्या बहिणीपासून लपवलेलं डोकं परक्यांपुढे उघडं झालं. त्याचंही एवढं काही नाही. माझ्या लेकीने ते डोकं बघितलं आणि पुन्हा कागदात तोंड घातलं, त्याची लाज घेऊन मी परत आले.

लग्नाला मी जाणार. तू आदल्या दिवशी ये. माझा फेटा या वेळी तू बांधायचास, दार न लावता. हात लावायला घाबरू नकोस, डोकंच आहे. निळाच बांध, घट्ट बांध आणि उंच बांध. मी पहिल्या रांगेत मधोमध बसणार आहे. मागून कुणी म्हणालं, की या फेट्यामुळे नवरी दिसत नाही, तर तू उभी राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, की ती माझी आई आहे.

वाट बघणारी,
तुझी आई