निळ्याबरोबर कोण टिकंल

५ जानेवारी, सोमवार
मालकाला झटका आला त्याला पाच महिने झाले. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. व्यायामवाल्या म्याडम म्हणल्या, काकू, घरात मासे पाळा, काकांना चिमटीनं दाणे टाकू द्या, बोटं सुटतील. अन् हात कितपत हलला ते रोज लिहा. म्हणून ही वही.
जाऊ म्हणली, आपण लिंगायत, गळ्यात लिंग अन् घरात मासे? म्हणलं, खायला न्हाई आणत बाई.
बोटं – एक बी न्हाई.

७ जाने.
अंबाजोगाईला मुनीरच्या मासेदुकानात गेलते. आपलं बोअरचं पाणी जड, घागरीला पांढरा थर धरतो. तो म्हणला, अशाच पाण्यात आफ्रिकेचे सिक्लिड मासे झकास राहत्यात, पण कोण कुणाला चालतंय ते बघून घ्या. निळा पट्ट्याचा लई तापट. घेतलाच तर एका नराला चार माद्या, म्हंजे त्याचा राग चौघींत वाटला जातो. पिवळे, मोरपंखी गरीब, त्याच्यात घालू नका.
चार बायका? म्हणलं, आमच्यात पूजेला बी जोडीनंच बसतात. जोडी-जोडीच दे. दोन निळे, दोन पिवळे, दोन मोरपंखी. त्यानं मान हलवली अन् पिशव्या बांधल्या.

११ जाने., रवि.
दाणे निम्मे सांडतात. मालक दिवसभर टाकीच्या काचंसमोर. निळ्यानं मोठ्या दगडाखाली ठाण मांडलंय, जवळ कुणाला येऊ देत न्हाई. मोरपंखीच्या शेपटीच्या चिंध्या.

१४ जाने., संक्रांत
निळी मेली. तिच्याच नरानं मारली. मी काढत होते तर मालक हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. म्याडमला फोनवर सांगितलं, त्या खूश.
हे हसणं मला माहीत हाय.
बोटं – दोन.

१९ जाने.
मुनीर म्हणतो, निळा मला परत आणून द्या. न्हाईतर त्याच्यासारखेच आठ-दहा भांडखोर आणून गर्दी करा. तवर दगडं हलवा, त्याचा इलाका मोडतो.
दगडं हलवली. दोन तास भांबावला. मग दुसरा दगड धरला.

२२ जाने.
मोरपंखी दोन्ही गेले. पिवळा नर बी. पिवळीच्या तोंडात अंडी हायत. पिल्लं सुटंस्तोवर ती तशीच धरती म्हणं, काही खात न्हाई. निळा तिला कोपऱ्यात दाबतो.
आज मालकाचा उजवा हात खांद्यापर्यंत गेला. म्याडमनी टाळ्या वाजवल्या. ह्या हाताचा मार मी बावीस वर्षं खाल्ला. डाव्या कानाचा पडदा ह्यानंच गेला. म्याडमला काय माहीत. जावंला माहीत हाय, ती बोलत न्हाई.
हे लिहायचं नव्हतं. ऱ्हाऊ दे आता.

२५ जाने., रवि.
पिवळीला बादलीत काढली, हवेची नळी लावली. टाकीत एकटा निळा. मालकाला म्हणलं, ह्याला मुनीरकडं देऊन येते, मग पिवळी आत सोडू. त्यांनी टाकीकडं बोट केलं.
"न्हाई."
पाच महिन्यांत पहिला शब्द.
पोराला पुण्याला फोन केला, तो रडला. मी बी रडले. कशापायी ते त्याला सांगितलं न्हाई.

२७ जाने., मंगळ.
सकाळी निळ्याला धरायला जाळी घातली. मालकानं माझं मनगट धरलं. उजव्या हातानं. पाची बोटं. म्हणलं, सोडा. न्हाई सोडलं. म्हणलं, अहो सोडा, दुखतंय. आणखी आवळलं. डोळे काचंवर न्हाई, माझ्यावर.
तेवढ्यात म्याडम आल्या. "वा काका, काय पकड हाय." त्यांनी फोटो काढला, मग मालकानं सोडलं.
जाळी पाण्यातच पडली. अजून तिथंच हाय.
जाताना म्याडमनी मुठीत दाबायचा रबरी चेंडू दिला. आता ताकद आणायची म्हणल्या. "काकू, तुमीच करून घ्यायचं. सकाळ-संध्याकाळ, शंभर-शंभर वेळा."
म्हणलं, बघू.
चेंडू पिठाच्या डब्यात ठेवलाय. मालक सकाळपासून हात पुढं करून बसलेत.