दोन बोटं माया

३ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन बाबांच्या उशाशी असतो, आणि या दोन खोल्यांत मी कुजबुजले तरी त्यांना ऐकू जातं. म्हणून पत्र. काल डॉक्टर येऊन गेले. मला जिन्यात थांबवून म्हणाले, की जन्मभर शिवणयंत्रावर वाकून बाबांनी जे तंतू नाकातोंडात घेतले, ते छातीत घर करून बसले आहेत. आता निदान बाहेरची धूळ आणि वारा बंद करा. खोली स्वच्छ राहिली तर घरी राहू द्या, नाहीतर इस्पितळात हलवावं लागेल, आणि तिथून परत आणायचं मनात धरू नका.

तू म्हणतोस तशा प्लास्टिकच्या चौकटीच्या खिडक्या बसवायचं मी ठरवलं आहे. जुन्या लाकडी खिडक्यांच्या फटीत बाबांनी शिवणाच्या चिंध्या कोंबून ठेवल्या आहेत, तरी रात्रीतून पांघरुणावर बोटाने नाव काढता येईल इतकी धूळ बसते. खिडकीवाला माप घेऊन गेला. म्हणाला, तुमच्या घराची एकही भिंत गुण्यात नाही, सगळं तिरकं आहे. बाबा आतून ओरडले, की घरातली माणसंही तशीच आहेत, त्यांचंही माप घे.

पण खिडकी बंद होणार म्हटल्यावर ते कूस बदलून तिच्याकडेच बघत राहिले. आई गेल्यापासून तीच त्यांची सोबत आहे. पडल्या पडल्या ते चपलांच्या आवाजावरून माणूस ओळखतात. परवा पोस्टमन जाताना इथून हाक मारून त्याला सांगितलं, की तुझ्या उजव्या बुटाचा तळ सुटलाय. मी बरोबर करते आहे ना रे? नीट विचार करून कळव.

तुझी मायेची,
सुई

•

११ मार्च

चि. सुईस,
अ. आ.

बाबांनी तुझं नाव सुई ठेवलं ते तू काडीसारखी होतीस म्हणून, टोचत राहावंस म्हणून नव्हे. बरोबर करते आहेस का, हे दर पत्रात विचारतेस. बरोबरच करते आहेस. बाबा कुरकुर करतील, मग सवय होईल.

चौकटी उखडताना मात्र त्यांना शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेव, आणि दारावर ओल्या चादरी टांग. आणखी एक. आपली खोली पश्चिमेची. काच घट्ट बंद झाली की संध्याकाळी भट्टी होईल. कापडी पडदे लावू नकोस, त्यात धूळ बसते. पट्ट्यापट्ट्यांचे ब्लाइंडही नकोत, एकेक पट्टी पुसता पुसता तुझं लग्नाचं वय निघून जाईल. वर गुंडाळला जाणारा, ओल्या फडक्याने पुसता येईल असा एकसंध ब्लाइंड घे. शिंप्याच्या घरात खिडकीला कापड नाही, हे बाबांना माझं नाव घेऊन सांग. शिव्या मी खाईन.

रजेचं विचारलं आहे. साहेब पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. सुईमागून दोरा यायचाच, जरा गुंता आहे इतकंच. तोवर आपली माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

•

२ एप्रिल

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खिडक्या बसल्या. पांढऱ्याशुभ्र आहेत, मूठ फिरवली की झप्पकन बंद होतात. कडेच्या फटीत त्या माणसाने फेसासारखं काहीतरी भरलं, ते फुगून दगड झालं. तू सांगितलंस तसं सगळं केलं. बाबांना काकूंकडे नेलं, चादरी टांगल्या, खोली तीनदा पुसली. आता पांघरुणावर कण पडत नाही. पण बाहेरचा आवाजही येत नाही. पहिल्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, आज रस्ता बंद आहे का.

ब्लाइंडचं मात्र माझ्या हातून बिघडलं. दुकानदाराने सांगितलं होतं, की खिडकीच्या खाचेत बसवायचा तर खाचेचं माप जसंच्या तसं द्या. मी घरी माप घेत होते तेव्हा बाबा मोठ्या हुशारीने उठून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांना कुणी मापाचं काही विचारत होतं. म्हणाले, दोन्हीकडे दोन दोन बोटं माया धर. कमी पडलं तर जोड दिसतो, जास्त झालं तर दुमडता येतं. लहानपणापासून हेच ऐकलंय. माझा हात आपोआप वाढीव आकडा लिहून गेला.

ब्लाइंड आला तो खाचेत शिरेना. त्याची वरची नळी धातूची, ती काय दुमडणार! बाबांना काकूंकडे बसवून तो खाचेबाहेर भिंतीवर टांगून घेतला. छिद्रं पाडताना जी धूळ नको होती तीच उडाली. मी पुसली, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. बाबांनी आल्या आल्या विचारलं, बसला का. मी म्हटलं, अगदी बेतात. त्यांचा चेहरा इतका खुलला, की खरं सांगायचं धैर्य झालं नाही. मी त्यांच्याशी खोटं कधी बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू आलास की तुझ्यासमोर सांगीन.

ये लवकर. आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
सुई

•

५ एप्रिल

चि. मोठ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, समजून घे. सुई बाजारात गेली आहे तेवढ्यात लिहितो. काकूंची पोरगी पेटीत टाकेल.

पडदा बसलेला नाही. काकूंच्या भिंतीपलीकडून मी ऐकलं. प्लास्टिकमध्ये भोक पाडताना किर्र वाजतं, विटेत पाडताना घरघर. घरघर झाली. चूक माझी आहे. उभा जन्म कापडात गेला, सगळं जग शिवणीतून उसवता येतं असं वाटतं. खिडकीला माया धरायची नसते, हे ध्यानातच आलं नाही. ती बेतात बसला म्हणते, मी वा वा म्हणतो. तिच्या कानावर घालू नकोस, नाहीतर रात्रभर उशी भिजवत बसेल.

घर आता बाटलीत घातल्यासारखं झालं आहे. तक्रार नाही. तिने फार मनापासून केलं. रजा मिळत नसेल तर साहेबांच्या पाया पडू नकोस. पण मिळाली तर बूट वाजवत ये. काचेतून ऐकू येईल इतपत.

माझी माया आहेच. ती मात्र मी बेतात कधी कापली नाही.

बाबा

•

२१ एप्रिल

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना इस्पितळात हलवलं. फोनवर तुला नीट सांगता आलं नाही. मी डॉक्टरांना विचारलं, की भिंतीला छिद्रं पाडली त्या धुळीने तर नाही ना झालं. ते म्हणाले, बाई, ती धूळ नव्हे. जी आहे ती आत आहे, तिला खिडकी कुठली लावणार. मग आम्ही हे सगळं कशासाठी केलं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण खोली तयार ठेवू का, एवढंच विचारलं. ते दुसऱ्या खाटेकडे वळले.

घरातून नेताना दोन माणसं त्यांना खुर्चीवर बसवून उचलत होती, तेव्हा बाबांनी खिडकीपाशी थांबवलं. ब्लाइंडच्या कडेवर बोटं ठेवली आणि खाचेच्या बाहेर किती आलाय ते चाचपून पाहिलं. बरोबर दोन बोटं. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, वाढत्या अंगाचा शिवलास, छान केलंस. म्हणजे त्यांना कळलं होतं. कधीपासून, ते तुला माहीत असलं तर आता सांगू नकोस.

तू येशील तेव्हा ते ओळखतील की नाही, सांगता येत नाही. काल त्यांनी मला परिचारिका समजून सांगितलं, की माझी मुलगी माप फार काटेकोर घेते.

दुकानदार निरोप देऊन गेला, की ब्लाइंड आणून द्या, नळी कापून बेतात करून देतो, थोड्या वेळाचं काम आहे. मी नको म्हटलं. खोली अगदी स्वच्छ आहे. पांघरूण घडी घालून ठेवलं आहे, त्यावर कण नाही.

उशीर झाला तरी ये. आणि माझ्यावर माया धर, दोन बोटं जास्तच.

तुझी,
सुई