भेगेत हात घालणारा मेन्नो

प्रिय मेन्नो,

फोनवर तू माझं वाक्य मध्येच उचलतोस आणि भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतोस. ही कला तुला हेगच्या संसदेत मिळाली. म्हणून लिहायला बसले. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

मागच्या आठवड्यात पेपरात तुझा फोटो पाहिला. गॅस कंपनीचे संचालक, निळा सूट, दात पूर्वीपेक्षा पांढरे. मुलाखतीत म्हणालास, मी ग्रोनिंगेनच्या मातीतला माणूस. त्याच मातीखालून तुझी कंपनी गॅस उपसते आणि वर आमची घरं हादरतात, ते मात्र सांगायचं राहून गेलं. घाईत असशील.

पहिला मोठा धक्का बसला तेव्हा तू नुकताच निवडून आला होतास. आपल्या स्वयंपाकघराची भिंत छतापासून ओट्यापर्यंत फाटली होती. तू छायाचित्रकार घेऊन आलास, कोट काढून आईच्या खुर्चीवर टाकलास, बाह्या दुमडल्यास आणि भेगेत मनगटापर्यंत हात घातलास. म्हणालास, "हा हात आता कंपनीची मान धरायलाच बाहेर निघेल." मी तिथेच बटाटे सोलत होते. मला हसू आलं होतं, पण बाबांचे डोळे भरून आले, म्हणून खाली मान घालून सोलत राहिले. शेजारच्या फोकोने तर पुढच्या निवडणुकीत ट्रॅक्टरवर तुझं नाव रंगवून घेतलं. एवढा शहाणा माणूस, तोही फसला.

मग तू राज्यमंत्री झालास आणि तुझ्या तोंडी 'संयम' हा शब्द आला. त्यापाठोपाठ 'समतोल'. मग कुटुंबाला वेळ द्यायचा म्हणून राजकारण सोडलंस. आम्हीही तुझंच कुटुंब, तेव्हा आम्ही वेड्यासारखी वाट पाहिली. बाबांनी तुझ्या खोलीला रंगसुद्धा दिला. वर्ष उलटायच्या आत तू कंपनीत जाऊन बसलास. हात भेगेतून निघाला खरा, पण मान धरायला गेला नाही, कंपनीच्याच हातात हात घालून आला.

नुकसानभरपाईच्या सभेला तू गावात आलास तो दिवस मी विसरणार नाही. गावाच्या सभागृहात टेबलापलीकडे तुम्ही कंपनीवाले, अलीकडे आम्ही ओल्या कोटातले. फोकोने विचारलं, "मेन्नो, खुर्ची चुकली का रे?" सगळे हसले, तूही हसलास. तुझ्या निर्लज्जपणाला दाद दिली पाहिजे. मग बाबा उठले. आयुष्यात पहिल्यांदा ते सभेत बोलत होते. भिंतीला टेकू लावलेत, गाई विकल्या, एवढंच कसंबसं सांगितलं. तू समोरच्या कागदाकडे बघत शुद्ध हेगच्या भाषेत म्हणालास, "श्रीयुत, या भेगांचा भूकंपाशी संबंध सिद्ध होत नाही."

श्रीयुत! ज्यांच्या खांद्यावर बसून तू गोठलेला कालवा पाहिलास, ते श्रीयुत.

बाबांनी टोपी उचलली आणि बाहेर आले. गाडीत बसून दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "त्याला सर्दी झाली होती का गं? आवाज ओळखू येत नव्हता." त्यानंतर तुझ्याविषयी त्यांनी वाईट शब्द काढला नाही, आणि कुणाला काढूही दिला नाही. तेवढी सभ्यता माझ्यात नाही, म्हणून हे पत्र असं आहे.

काल सकाळी बाबा गेल्याचं कळवायला तुला फोन केला, तर तुझ्या सेक्रेटरीने उचलला. तासाभराने तिचा निरोप आला: साहेब येतील, भाषण करतील, किती मिनिटांचं हवं आणि वार्ताहर असतील का? त्याचं उत्तर हे. चर्च पडेल या भीतीने बंद आहे, म्हणून प्रार्थना आपल्या रिकाम्या गोठ्यात होईल. तू माझ्याशेजारी पहिल्या बाकावर बस. मुलगा आहेस, तो हक्क माझ्याने काढून घेववत नाही. खांदा आपल्याकडे शेजारीच देतात, आणि ते देणार आहेत. बोलायचं ते फोको बोलेल. तू तोंड उघडायचं नाहीस. शनिवारी ये, आणि गोठा आहे, जुने बूट घालून ये.

दुसऱ्या कुणाची होता येत नाही म्हणून तुझीच,
थोरली बहीण हिल्ये