आठव्या दिवसाचं न्हाणं

६ जून
मामेबहीण तारा दवाखान्यात आली. चेहरा पांढराफटक, तोंड मात्र चालूच. पाळीत इतकं जातं की वर्गात शिकवताना खुर्चीवरून उठायची धास्ती. कुंभकोणच्या डॉ.नी गर्भाशय काढायची तारीख दिलीय, याच महिन्यातली. "काढून टाकू गे, पीडा जाईल," म्हणाली, जणू अक्कलदाढ आहे. वय अडतीस. सोनोग्राफी स्वच्छ, थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन सात. कारण? कागदांत कुठेच नाही. मलाही दिसेना. दिवसभर चिडचिड.

९ जून
मामाकडे जेवण. तारा अजून 'बाहेर', म्हणून मागच्या ओट्यावर वेगळं पान. सरूमामींना छेडलं : गल्लीतल्या बाकी बायका चौथ्या दिवशी न्हाऊन स्वयंपाकघरात येतात, तुमच्याकडेच आठवा दिवस का?
"माझ्या आईची रीत गे. पापनाशमला आमचं घर कडक म्हणून नावाजलेलं. इथं ह्यांच्याकडे सगळं ढिलं होतं. मीच आणली ती रीत." केवढा तोरा! चिंचेच्या आमटीसारखं ते कुळंबू, वर भात, फक्कड. तीनदा घेतला.

१० जून
बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. रीत कसली! मामींच्या माहेरच्या बायकांचं आठ दिवस थांबतच नसणार. थांबेपर्यंत बाहेर बसायचं, त्याचाच नियम झाला. आणि मी स्त्रीरोगतज्ज्ञ बाई इतकी वर्षं त्या नियमाला हसतेय.
उतरल्या उतरल्या मामींना फोन. कधी दात काढून घेतलाय का?
"अय्यो, ते विचारू नको! दुसऱ्या दिवसापर्यंत रक्त. उशी भिजली."
ताराच्या बाळंतपणातही रक्त चढवावं लागलं होतं.
म्हणजे रक्त गोठण्यातच दोष, आईकडून लेकीला आलेला. बहुतेक. पाळीची चौकशी आम्ही सगळ्यांनी केली, दाताची एकानेही नाही. हे न कळता तिला टेबलावर घेतलं असतं तर... नकोच.

११ जून
कुंभकोणच्या डॉ.ना घाबरत फोन. ज्येष्ठ माणूस, रागावतील वाटलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मीही विचारलं नाही, पाहा." ऑपरेशन पुढे ढकललं. भला माणूस. ताराचं रक्त तपासणीला चेन्नईला. पाळीपुरत्या रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या, शिवाय लोह. तारा म्हणे, "एवढंच? सुरी नाही?" जरा हिरमुसलीच.

६ जुलै
गोळ्या लागू पडल्या!! पाचव्या दिवशी तारा न्हाऊन, ओले केस बांधून स्वयंपाकघराच्या दारात. "थांबलं, आई." मामी हातात कालथा धरून बघत राहिल्या. नियम की लेक? मग सरकल्या बाजूला. मी टाळ्याच वाजवल्या.
रिपोर्टही आला. रक्त गोठवणारं प्रथिन कमी, पण अगदी काठावर. पुन्हा तपासायला हवं. मामींचंही. ताराची लेक अकरा वर्षांची, तिला पाळी अजून सुरू व्हायचीय. त्याआधी कळलं तर किती बरं.
कापीचा पेला हातात देताना मामी हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझी आई कडक नव्हती गे. तिला बरं नव्हतं." त्यांचा हात धरून बसले.
उद्या मामींचं रक्त घ्यायचंय. उपाशी यायचं का, विचारलं त्यांनी. गरज नाही म्हटलं. तरी उपाशीच येणार.