पुसण्याआधी

प्रिय मास्तर,

तुझा बदल माझ्या होकारासाठी येऊन थांबलाय. आपल्या कोडच्या लायब्ररीचा नियम आपणच केला होता : एकाने काही बदललं की दुसऱ्याने वाचून होकार दिल्याशिवाय ते आत जाणार नाही. घर वेगळं झालं तरी हा नियम तू मोडला नाहीस, हे पाहून आधी बरंच वाटलं. मग बदल उघडला. वर तुझी एकच ओळ, ‘जुना चाचणी-मजकूर काढला.’ खाली लाल रंगात आपल्या ठकूची सगळी वाक्यं, आणि त्यांच्या जागी तू टाकलेले ‘अबक’ आणि ‘१२३’.

बहिणीने मागून येऊन विचारलं, रडतेस कशाला, नोकरी गेली का? ती हल्ली माझ्याकडेच राहते. तुझी ती कुरकुरणारी खुर्ची तिने गॅलरीत काढलीय आणि तिच्यावर बसून ती दिवसभर वरच्या मजल्यावरच्यांना नावं ठेवते. माझं बरं चाललंय. नवीन ऑफिसात पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर आहे, कंटाळवाणं आणि बिनधोक. लायब्ररीकडे मी फिरकत नव्हते. ती तू एकटाच सांभाळतोस हे मला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक आहे असं वाटत होतं.

तुला आठवतं, तुझ्या आईने विचारलं होतं, तुम्ही दोघं डोळे फोडून करता तरी काय? तू सांगितलंस, डब्यावर नाव घालायचं, आत वस्तू ठेवायची. पुन्हा ते नाव घेतलं की तीच वस्तू हातात यायला हवी. फोनमध्ये एक तऱ्हा, ब्राउझरमध्ये दुसरी, कॉम्प्युटरवर तिसरी. जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र फरक कळता कामा नये. आईंनी विचारलं, आणि याचे किती मिळतात? तू म्हणालास, काही नाही, फुकट वाटतो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्यांच्या मुलाला मीच नादी लावलं होतं.

ठेवलेलं तसंच परत येतं का हे तपासणाऱ्या चाचण्यांमध्ये ठकूची वाक्यं घालायला सुरुवात तूच केलीस. नाव : दात, मजकूर : ‘पडला नाही, मी त्याला जायला सांगितलं.’ नाव : पोट, मजकूर : ‘फक्त भाजीपुरतं भरलंय.’ शाळेतून आली की ती आधी विचारायची, आज माझं काय घातलं? नसलं तर रुसायची. लांबलचक मजकूर नीट साठतो का हे पाहायला तू तिची हत्ती आणि लिफ्टची गोष्ट घेतलीस. ती संपतच नव्हती, म्हणून तू म्हणालास, याहून चांगली चाचणी मिळायची नाही. मग ‘सुई’ आलं : ‘आज नर्सताईंनाच टोचा.’ हॉस्पिटलात तिच्या पलंगाशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, तू ते तिला दाखवत लिहिलंस. नर्सताई हसल्या, ठकूही हसली. सगळ्यात शेवटचं ‘घरी’ : ‘उद्या नक्की ना?’ ते तू कधी घातलंस, मला कळलंच नाही.

नसलेली गोष्ट कुणी मागितली तर लायब्ररीने काय द्यायचं, यावरून आपण पूर्वी किती भांडलो होतो. तू म्हणायचास, काहीतरी पर्यायी देऊन टाकावं, समोरच्याचं काम अडू नये. मी म्हणायचे, नसेल तर नाही म्हणावं. तेव्हा ती नुसती कामातली भांडणं होती. मग तो चपलांच्या दुकानातला दिवस. दुकानदाराने सहज विचारलं, छोटी नाही आली? तू म्हणालास, शाळेत गेलीय. आणि मी तिथेच, बूट घालून पाहणाऱ्या दोन अनोळखी बायकांसमोर म्हटलं, ती वारली. रस्त्याने तू माझ्या पुढे चालत राहिलास. मला खोटं सहन झालं नाही आणि तुला खरं ऐकवलं नाही. एका घरात राहायला तेवढंही जमावं लागतं.

तुझा बदल पाहून मी आधी चिडले. वाटलं, आता इथूनही काढतोस तिला? नकार द्यायचा ठरवलं, आणि नकाराला काहीतरी कारण लागतं म्हणून जुन्या चाचण्या माझ्या मशीनवर चालवल्या. किती काळाने. स्क्रीनवर ओळी वर सरकत गेल्या. दात : लिहिलं, वाचलं, जुळलं, पुसलं. सुई : लिहिलं, वाचलं, जुळलं, पुसलं. घरी : लिहिलं, वाचलं, जुळलं, पुसलं. आणि मग लक्षात आलं, तू हे रोज बघतोस. कोडमधला एक स्वल्पविराम बदलला तरी सगळ्या चाचण्या पुन्हा चालतात. दर वेळी ती तुझ्यासमोर येते, उद्या नक्की ना विचारते आणि पुसली जाते. ती तिथे आहे म्हणून मला इकडे शांत झोप लागायची. जागा तू राहायचास.

होकार दिलाय मी. हे पत्र टपालात पडेल तेव्हा ‘अबक’ आत गेलेलं असेल. होकाराखाली दोन शब्द लिहिता आले असते, पण तिथे सगळं जग वाचतं, आणि मला जे मागायचंय ते फक्त तुझ्याकडेच आहे. ठकूचे व्हिडिओ आहेत माझ्याकडे, पण त्यात ती कॅमेऱ्यासाठी बोलते, ठासून, पाहुण्यांसमोर बोलल्यासारखी. घरातलं तिचं बोलणं, शेवटचा शब्द गिळून टाकणारं, मला आता ऐकू येत नाही. परवा प्रयत्न केला तर माझाच आवाज आला. तुला तिची नक्कल यायची, इतकी हुबेहूब की तीच चिडून तुला मारायला धावायची. एकदा फोन कर. कसा आहेस, कशी आहेस, काही नको. तिचं कुठलंही एक वाक्य तिच्यासारखं म्हण आणि ठेवून दे. मी उलट फोन करणार नाही.

अजूनही तुझीच,
ठकूची आई