पुढच्या वर्षाच्या सेलची ऑर्डर

मी खाली सही करणारा, वय वर्षे एकसष्ट, विधुर, धंदा महाविद्यालयाच्या वर्गांतले माईक आणि स्पीकर चालू ठेवणे, राहणार महाविद्यालयामागच्या गल्लीत पाण्याच्या टाकीसमोर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणावाचून, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. मी शुद्धीत असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्याबद्दलची दुसरी गोष्ट त्यांनी मला कळवलेली नाही. ती मला कशी कळली ते कलम पाचमध्ये येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही; वेळ आहे असे वाटत होते.

१. राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. ती त्याच महाविद्यालयात भूगोल शिकवते. आवाज लहानपणापासून बारीक, म्हणून घरात तिला चिमी म्हणतात. तिने घर ठेवावे किंवा विकावे, माझा जीव त्यात अडकणार नाही. मोरीचा नळ गळतो. तो मी दुरुस्त करणार होतो, आता होईलसे वाटत नाही.

२. बँकेतली शिल्लक तिलाच. दवाखान्याने काही ठेवलीच तर.

३. माझा धाकटा भाऊ इलेक्ट्रिशियन आहे. महाविद्यालयाची नवी इमारत झाली तेव्हा वायरिंगचे काम मीच त्याला मिळवून दिले. या शहाण्याने माईकची वायर आणि लाईटची वायर एकाच पाइपातून ओढली. वर मला म्हणतो, "दादा, पाइप वाचला ना!" तेव्हापासून तळमजल्यावरच्या सगळ्या स्पीकरमधून गुंगुं असा आवाज येतो. मी चारचौघांत त्याला गाढव म्हणालो आणि त्याने माझ्याशी बोलणे टाकले. अर्थिंग बदलून पाहिले, वायरी बदलून पाहिल्या, ती गुणगुण काही गेली नाही, आणि आमचा अबोलाही गेला नाही. माझी वायर ओढायची लांब स्प्रिंग त्याला द्यावी. मी असेपर्यंत मात्र त्याला बोलावू नये. तो रडका आहे, दारातच गळा काढील आणि सगळेच उघडे पडेल.

४. हत्यारे, म्हणजे मीटर, सोल्डरिंग गन, पकडी आणि शिडी, भंगारात द्यावीत. परवाच कळले, येत्या सुट्टीत सगळ्या वर्गांत नवी तयार यंत्रणा बसणार आहे आणि तिला हात लावायला कंपनीची माणसे येतील. माईकचे सेल तपासायचा मीटरही कोणाला नको. वापरलेले सेल काढून पुन्हा नव्यांच्याच डब्यात टाकायचे, ही शिक्षकांच्या खोलीची रीत. त्यात कुठला मेला आणि कुठला जिवंत हे ओळखण्यात माझा जन्म गेला. माईकवर घालायची फोमची टोपी तेवढी भौतिकशास्त्राच्या सरांना द्यावी. ते माईक तपासायला त्यात फुंकर मारतात. मी म्हणायचो, "सर, हॅलो म्हणा हो त्यात! चहा आहे का तो?" ते हसायचे आणि परत फुंकायचे.

५. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गाचा कॉलर माईक माझ्या पैशांनी आणलेला आहे, कारण चिमीचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नसे. तो चिमीला द्यावा, आणि त्यासोबत ही हकीकत.

चिमे, मागच्या आठवड्यात तुझ्या वर्गातला एकमेव स्पीकर खरखरत होता, म्हणून तू मला तासाच्या मध्येच बोलावलेस. मी शिडीवर चढलो. तेवढ्यात गणिताच्या मॅडम दारात आल्या आणि तू त्यांच्याबरोबर व्हरांड्यात गेलीस, माईकच्या कमरेला लावलेल्या डबीचे बटन बंद न करता. वर्गाबाहेर पडण्याआधी बटन बंद, हे मी प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी सांगतो. तुला तर घरी बसवून शिकवले होते. मी सुटलेली वायर स्क्रूखाली दाबली आणि स्पीकर माझ्या कानाशी बोलू लागला.

"बाबांचं काही खरं नाही गं. डॉक्टर म्हणाले, परीक्षा संपेपर्यंत राहिले तरी पुष्कळ. त्यांना सांगितलेलं नाहीये. ते पुढच्या वर्षाच्या सेलची ऑर्डर लिहीत बसलेत, कसं सांगू?"

मॅडम काय म्हणाल्या ते नीट आले नाही. कॉलर माईक तोंडाजवळचेच धरतो. मग तू रडू लागलीस. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी खाली उतरलो, मिक्सरवर तुझा आवाज शून्यावर आणला आणि म्हणालो, "मॅडमची नाटकाची तालीम चाललीय. वह्या उघडा." पोरांनी निमूट उघडल्या. त्यांच्यापैकी कोणी आजवर अवाक्षर काढलेले नाही, त्यांचे भले होवो. मिक्सरला हेडफोन लावलेला होता, त्यात तुझा आवाज येतच होता. तो कानाला धरून मी उभा राहिलो. बापाला दुसरे काय करता येणार होते? व्हरांड्यातल्या बेसिनचा नळ सोडल्याचे ऐकू आले, तेव्हा खाली ठेवला.

तू आत आलीस, कमरेला हात लावलास आणि पांढरीफटक पडलीस.

"बाबा, हे चालू होतं?"

"असेल. वायर तर मी काढून ठेवली होती. का गं?"

"काही नाही," म्हणालीस, आणि तुझा जीव भांड्यात पडला.

६. तेव्हापासून या घरात दोन माणसे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत आहेत. जेवताना आपण सेलच्या दर्जावर बोलतो. सांगून टाकावे असे रोज तोंडाशी येते. पण मला कळू न देणे एवढेच काम तुझ्या हातात उरले आहे, आणि ते काढून घ्यायचा मला धीर होत नाही. औषधाने काही होत नाही. तू देतेस म्हणून घेतो. मला फार भीती वाटते, चिमे, आणि तेही तुला सांगता येत नाही.

काल हे लिहीत होतो तेव्हा तू विचारलेस, "काय चाललंय?" मी म्हणालो, "सेलची ऑर्डर." "लिहा लिहा, भरपूर मागवा," म्हणालीस आणि घाईने ओट्याकडे वळलीस. म्हणून ती ऑर्डर मी खरोखरच पाठवली. नव्या यंत्रणेला हे सेल लागत नाहीत. खोके येईल तेव्हा मी नसेन. ते घड्याळात घाल, टॉर्चमध्ये घाल. वापरलेले नव्यांत टाकू नकोस.

बटन विसरलीस म्हणून मी रागावलेलो नाही. त्या दिवशी स्पीकर नीट झाला का, हे विचारायचे तुझ्याकडून राहून गेले. झाला. खरखर पूर्ण गेली होती, शब्द न् शब्द स्वच्छ आला.

साक्षीदार:
१. महाविद्यालयाचे ग्रंथपाल. मृत्युपत्र यांच्या कपाटात राहील. मी गेल्यावर यांनीच ते चिमीच्या हाती द्यावे आणि बाकीची अंमलबजावणी पाहावी.
२. समोरचे शिंपीमामा. यांनी मजकूर वाचायला मागितला नाही.

दोघांनी माझ्यादेखत आणि मी त्यांच्यादेखत सही केली.

ठिकाण: शिंपीमामांचे दुकान, मशीनच्या मागे. घरी केली असती तर चिमीने पाहिले असते.
तारीख: ऑर्डरवर घातली आहे तीच.

सही
(पोरांचा हॅलोकाका)